निकम सर एकदाच विचारायचे

चांगल्या माणसांचा मला राग येतो, आणि त्याला निकम सर जबाबदार आहेत. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला असता, पुन्हा लावला असता आणि विचारलं असतं, "खरं का ताई?" मी "हो" म्हटलं असतं की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारायची त्यांची रीत नव्हती.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका दैनिकात रविवारची मुलांची पुरवणी काढत होते. पुरवणी म्हणजे चार पानं. त्यातल्या एका पानावर पेढीची जाहिरात, एका पानावर कोडी, आणि उरलेल्या जागेत बालगोपाळांचं मनोरंजन. संपादक म्हणाले, "एखादा आपला हिरो पाहिजे. उडणारा, ठोसे मारणारा." त्या आठवड्यात पंचवटीतल्या एका शाळेचे चित्रकला शिक्षक गुंडाळी काखेत मारून ऑफिसात आले. उंच, किंचित पोक आलेले, कानामागे पेन्सिल. मूळचे सटाण्याकडच्या एका खेड्यातले. चांगलं शुद्ध बोलता बोलता मध्येच त्यांच्या तोंडून अहिराणी निसटायची.

त्यांनी गुंडाळी उघडली. त्यात कॅप्टन उजेड होता.

मी आधी हसले, हे कबूल. या कॅप्टनच्या खांद्यावर परदेशी हिरोंसारखी झूल नव्हती, पिवळं उपरणं होतं. पायात चक्क चपला. मी म्हटलं, "सर, हा उडतो ना? मग चपला कशाला?"

"उडतो, पण उतरतो ना ताई," सर गंभीरपणे म्हणाले. "आपल्याकडे उतरायचं म्हणजे काटाकुटा. अनवाणी कसं चालंल?"

दुसऱ्या रविवारपासून कॅप्टन उजेड सुरू झाला. त्याचा शत्रू काजळ्या. काजळ्या सारखं काहीतरी पळवायचा. कधी शाळेची घंटा, कधी गावाची पाणपोई, एकदा तर त्यानं अख्खा सुट्टीचा दिवसच पळवला होता. कॅप्टन उजेड उडत यायचा, चपला झटकायचा आणि काजळ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "खरं सांग." काजळ्या रडायचा, कान पकडायचा, "पुन्हा नाही करणार" म्हणायचा. कॅप्टन म्हणायचा, "बरं." आणि उडून जायचा. ठोसा नाही, लाथ नाही, काही नाही.

पोरांची पत्रं यायला लागली. त्यातलं निम्मं कौतुक आणि निम्म्या शिव्या. एका मुलानं लिहिलं होतं की कॅप्टन उजेड चांगला आहे पण बावळट आहे, तो काजळ्याला तुरुंगात का टाकत नाही? ते पत्र मी सरांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"पोरगं बरोबर विचारतंय," मी म्हणाले. "काजळ्या शब्द देतो आणि पुढच्या रविवारी मोडतो. तुमचा कॅप्टन शिकत कसा नाही?"

"पुढच्या रविवारी नाही मोडत. एक रविवार सोडून मोडतो," सर म्हणाले. "मधला एक रविवार तो चांगला असतो. तुम्ही अंक काढून बघा."

मी खरंच काढून बघितले. त्या मधल्या रविवारी काजळ्या गोष्टीत नसायचाच. सरांच्या हिशेबी तो त्या आठवड्यात घरी चांगला वागत होता.

शाळेतही त्यांचं असंच. वर्गात काही हरवलं, फुटलं, कोणी कोणाच्या वहीवर शाई सांडली, की सर एकदाच विचारायचे, "खरं सांग, तू केलंस?" पोरगं "नाही" म्हणालं, वर "गंगेची शपथ" म्हणालं, की सर "बरं" म्हणून फळ्याकडे वळायचे. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि तिची शपथ आमच्याकडे पोरं शेंगदाण्यासारखी उधळतात. सरांना मात्र ती प्रत्येक वेळी नवी वाटायची. बाकीचे शिक्षक स्टाफरूममध्ये त्यांना "कॅप्टन" म्हणायचे. तोंडावर आदरानं, मागे डोळा मारून.

त्यांच्या भोळेपणाचा वार्षिक सोहळा म्हणजे रंगपंचमी. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाड. जुना दगडी हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेला. तो त्या दिवशी उघडायचा, गरम रंगानं काठोकाठ भरायचा आणि त्यात धपाधप उड्या मारायच्या. एकदा त्या रंगात बुडालेला माणूस पुढे आठवडाभर लपत नाही. शाळेची मोठी पोरं आदल्या दिवशी सरांकडे जायची. "सर, रहाड बघायला या. तुमच्या अंगावर थेंब पडू देणार नाही. शपथ." सर पांढरा शर्ट घालून जायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना कानामागची पेन्सिलसुद्धा केशरी असायची.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, गेल्या वर्षीही हेच झालं होतं ना?"

"गेल्या वर्षीची पोरं वेगळी होती ताई," सर म्हणाले. "ह्यांनी कुठे फसवलं होतं मला?"

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

त्यांच्याकडे या सगळ्याला एक पुरावाही होता, आणि तो ते प्रत्येकाला सांगायचे. प्रवीण नावाचा एक विद्यार्थी. सातवीत असताना त्याच्यावर पोस्टर कलरची पिवळी बाटली चोरल्याचा आळ आला होता. सगळा वर्ग त्याच्याकडे बोट दाखवत होता. सरांनी एकदाच विचारलं. प्रवीण म्हणाला, "नाही घेतली, गंगेची शपथ." सर म्हणाले, "बरं." आठ दिवसांनी बाटली सरांच्या टेबलावर गुपचूप येऊन बसली. "धाक दाखवला असता तर पोरगं चोर झालं असतं," सर सांगायचे. "विश्वास ठेवला, म्हणून बाटली परत आली. आणि बाटलीसंगती पोरगंही." हे सांगताना त्यांचं पोक नाहीसं व्हायचं. कॅप्टन उजेडचं उपरणं पिवळं का, तेही मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा कळलं.

त्या शाळेच्या मागच्या अंगाला मुलींचं वसतिगृह होतं. वसतिगृह म्हणजे पत्र्याच्या छपराच्या चार-पाच खोल्या आणि एक न्हाणी. सुरगाणा, पेठकडच्या डोंगरातल्या मुली तिथे राहून शिकायच्या. तिकडे भात आणि नागली निघाली की घरं रिकामी होतात. आईबाप जीपमध्ये बसून दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात, आणि मागे पोरीला ठेवायला कोणी नसतं म्हणून पोरही जाते. पोरगी एकदा द्राक्षाच्या बागेत गेली की शाळेत परत येत नाही. त्या खोल्या होत्या म्हणून तिकडच्या मुली दहावीपर्यंत पोचत होत्या. वसतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं भलामोठा कॅप्टन उजेड रंगवला होता. मुली जाता-येता त्याला "काय कॅप्टन" म्हणायच्या.

त्यातली जनी ही सरांची विशेष लाडकी. सुरगाण्याकडची, नववीतली, काळीसावळी, फटकळ. चित्रकलेत शून्य, पण सरांना तोंडावर बोलणारी ती एकटीच. "गुरुजी, तुमचा कॅप्टन आमच्या पाड्यावर आला असता तं त्याच्या चपला पहिल्या चोरीला गेल्या असत्या," असं ती एकदा माझ्यासमोर म्हणाली होती. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या पाड्यावर बाळंतपणात बायका मरत, ते तिनं पाहिलं होतं.

सिंहस्थ जवळ यायला लागला आणि पंचवटीतल्या जमिनी सोन्याच्या झाल्या. शाळेच्या संस्थेवर तोवर नवी मंडळी आली होती आणि त्यांच्यात आपला प्रवीणही होता. आता तो प्रवीणशेठ झाला होता, बांधकामात मुरलेला. कुजबुज सुरू झाली की वसतिगृहाची जागा विकायची आहे. पालकांनी ठरलेल्या मुदतीत हरकत घेतली तर विक्री अडकेल, असं एका वकिलानं मुलींच्या आईबापांना समजावलं. त्यांनी भात कापणीची कामं टाकली, जीप केल्या आणि एके दिवशी सगळे शाळेच्या पटांगणात येऊन बसले. हरकतीवर अंगठे उठवायचे आणि मग गेटवरच बसून राहायचं, असा बेत होता. आमचा वार्ताहर गेला होता, म्हणून मीही गेले.

सर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. सकाळी प्रवीण त्यांच्या घरी गेला होता. पायावर डोकं ठेवून म्हणाला होता, "सर, ह्या लोकांना कोणीतरी भडकवलंय. वसतिगृहाला धक्का लागणार नाही. गंगेची शपथ." सरांनी एकदा विचारलं होतं, "खरं सांग." तो "खरं" म्हणाला होता.

"मंडळी, मी तुम्हाला शब्द देतो," सर पटांगणात उभे राहून म्हणाले. "कोणी पाडणार नाही. तुमचं भात शेतात उभं आहे, तुम्ही घरी जा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जनीचा बाप सोमा पुढे बसला होता, हडकुळा, डोक्याला टॉवेल. तो म्हणाला, "गुरुजी, आमी त्या शेठला वळखत नाय. तुमाला वळखतो. तुमी सांगता ना?"

"मी सांगतो."

"मंग झालं," सोमा उठला. तो उठला तसे सगळे उठले.

मी सरांना बाजूला ओढलं. "सर, अंगठे तरी उठवू द्या. प्रवीण खरं बोलत असेल तर एका कागदानं त्याचं काय बिघडतंय?"

"तसं नही शे ताई," ते म्हणाले. भावना दाटली की अहिराणी यायची. "शब्द घेतल्यावर वर कागद केला, तर मग शब्दावर विश्वास ठेवला असं कसं म्हणायचं?"

वार्ताहरानं वही मिटली. लोकच घरी निघाले, तर बातमी कशाची लिहिणार? जीप भरभरून डोंगराकडे गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि सुट्टीतच वसतिगृह पाडलं. मुदत केव्हाच सरली होती. सुट्टी संपून मुली आईबापांबरोबर पत्र्याच्या ट्रंका डोक्यावर घेऊन गेटातून आत आल्या, तेव्हा समोर विटामातीचा ढीग होता आणि ढिगात ठिकठिकाणी पिवळा रंग. सर सकाळपासून गेटवर उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आत जाऊ नका, काचा आहेत."

कोणी त्यांना बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका ट्रंका खाली ठेवून नुसत्या बसून राहिल्या. शेवटी सोमा त्यांच्यापाशी आला.

"गुरुजी, तुमाला ठावं नव्हतं?"

"नव्हतं, सोमा. गंगेची शपथ, मला ठाऊक नव्हतं."

"ठावं असंल," सोमा हळूच म्हणाला. "येवढा शिकेल माणूस. ठावं असंलच." त्यानं जनीची ट्रंक उचलली आणि तो स्टँडकडे चालू लागला. जनी त्याच्यामागून गेली. जाताना ती सरांकडे पाहायला थांबली नाही.

जन्मभर सगळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा खरा शब्द त्या दिवशी कोणी घेतला नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला. फसवणूक प्रवीणनं केली होती, पण प्रवीणला ओळखतच कोण होतं? लोक फसले ते निकम सरांमुळे. मीसुद्धा त्यांच्याशी भांडत असले तरी आतून धरून चालले होते की इतका सरळ माणूस म्हणतोय तर जग एकदा तरी त्याला साथ देईल. तेवढ्यासाठी मला सरांचा आलेला राग आजही पुरता गेलेला नाही.

दोन दिवसांनी सर प्रवीणच्या ऑफिसात निघाले. मी बरोबर गेले, कारण मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. तशी वेळ आलीच नाही. प्रवीण उठून उभा राहिला, सरांच्या पाया पडला, चहा सांगितला. सरांनी चहाकडे पाहिलंही नाही.

"खरं सांग," ते म्हणाले. "माझ्या घरी आलास तेव्हा ठरलेलं होतं?"

"हो सर," प्रवीण म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता. असलाच तर थोडा संकोच होता. "ठरलेलं होतं. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर जाऊन सगळ्यांना खरंच सांगितलं असतं. आमच्यापैकी कोणाचंच ते लोक ऐकणार नव्हते. म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडेच आलो."

सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मग त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "आणि ती बाटली?"

"कुठली बाटली?"

"पिवळी. सातवीत. परत आणून ठेवलीस ती."

प्रवीणला आठवायला वेळ लागला. आठवल्यावर तो हसला, अगदी मोकळं. "ती होय! ती आईनं ठेवली सर. दप्तर झटकताना तिला सापडली. मला बदडलं आणि शाळा सुटल्यावर स्वतः येऊन तुमच्या टेबलावर ठेवून गेली. मी कुठला परत करतोय?"

जिना उतरताना सरांनी कठडा सोडला नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "आईनं दप्तर तपासलं होतं." एवढंच. मी रिक्षा थांबवली, तर नको म्हणाले आणि चालत गेले.

त्या आठवड्यात पुरवणीसाठी चित्रं घेऊन ते आले. नेहमीसारख्या सहा चौकटी. काजळ्या हात जोडून उभा, समोर कॅप्टन उजेड, मागे विटांचा ढीग. बोलायचे फुगे मात्र सगळे रिकामे.

"मजकूर तुम्ही भरा ताई," ते म्हणाले. "मला सुचत नाही."

मी पेन घेऊन बसले. काजळ्यानं काय म्हणावं ते मला लगेच सुचलं. कॅप्टननं काय म्हणावं ते मलाही सुचेना. संपादकांनी त्या जागी चॉकलेटची जाहिरात टाकली आणि ती जागा पुढे जाहिरातीचीच झाली. कॅप्टन कुठे गेला म्हणून काही दिवस पोरांची पत्रं येत राहिली, मग तीही थांबली. वसतिगृहातल्या काही मुलींना घोटीकडच्या एका आश्रमशाळेत जागा मिळाली. जनी त्यात नव्हती. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत तिला आमच्या वार्ताहरानं पाहिलं. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं. ते मी सरांना सांगितलं नाही. त्यांना आधीच ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी ते सुरगाण्याच्या जीपमध्ये बसून पाड्यापाड्यावर जात, पोरी परत पाठवा म्हणून सांगत. लोक पाणी देत, बसायला घोंगडी टाकत, आणि त्यांचं ऐकून घेत. मुलगी मात्र कोणीही पाठवली नाही.

सर निवृत्त झाले. मखमलाबाद नाक्याजवळच्या त्यांच्या घरात ते रविवारी सकाळी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायला लागले. माझी मुलगी मोठी झाली तशी मी तिलाही तिथेच घातलं. का घातलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही. राग होता तरी पोरीला शिकवायला दुसरा माणूस डोळ्यासमोर येत नव्हता.

एका रविवारी मी तिला घ्यायला थोडी लवकर पोचले. दारात चपला काढत होते तर आत कालवा. एका मुलाची पिवळ्या रंगाची ट्यूब सापडत नव्हती आणि सगळी पोरं ऋतुजा नावाच्या दोन वेण्यांच्या मुलीकडे बोट दाखवत होती. ती सात-आठ वर्षांची असेल.

"खरं सांग," सर म्हणाले. "घेतलीस?"

"नाही सर. गंगेची शपथ."

मी दारातच थांबले. मला पुढचा शब्द पाठ होता. आता सर "बरं" म्हणणार आणि फळ्याकडे वळणार. आणि मी मनातल्या मनात कपाळाला हात लावणार.

सर वळले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "दप्तर आण."

ऋतुजानं दप्तर दिलं. सर खाली सतरंजीवर बसले, गुडघे दुखत असावेत, आणि त्यांनी दप्तरातली एकेक वस्तू बाहेर काढली. वही, डबा, पाण्याची बाटली, मळका रुमाल, कंपासपेटी. पेटी उघडून पाहिली. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. दप्तर उलटं करून झटकलं. पेन्सिलीची टरफलं पडली, दुसरं काही नाही. पोरगी खरं बोलली होती.

वर्षानुवर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते की जरा तपासून बघा, जरा डोळे उघडा. आज त्यांनी बघितलं होतं, आणि दारात उभ्या उभ्या माझ्याच पायाखालून कोणी काहीतरी ओढून घेतल्यासारखं मला वाटलं. जगात एक जागा होती जिथे लहान पोराचा शब्द पुरत होता. ती आता राहिली नव्हती.

ऋतुजा रडली नाही. वेणीचं टोक तोंडात धरून ती आपल्या पसरलेल्या वस्तूंकडे पाहत राहिली. सरांनी सगळं पुन्हा दप्तरात भरलं, रुमालाची घडीसुद्धा घातली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. आणि तिच्या तोंडाकडे पाहत त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, "नाही ना घेतलीस? खरं सांग."